सरकीचे आवतण

प्रिय भाऊ,

आज सकाळी वीटभट्टीचा मालक दोरी घेऊन तुझ्या दारात आला आणि तीच रिकामी दोरी घेऊन परत गेला. तू गेल्यापासून मी कुणालाही पत्र लिहिलेले नाही. सांत्वनाच्या संदेशांनाही दोन ओळींपलीकडे उत्तर दिले नाही. पण ही हकिकत ज्याला कळायला हवी, असा माणूस एकच. म्हणून लिहायला बसले.

निवृत्तीनंतर तू घरात एकटा उरलास, तेव्हा एखादा प्राणी पाळ, ही सूचना माझीच होती. कुत्र्याचे चांगल्या जातीचे पिल्लू, नाहीतर माशांची काचपेटी. दोन्हींची स्वच्छता कशी राखावी, हेसुद्धा मी नागपूरहून फोनवर समजावले होते. तू सगळे शांतपणे ऐकून घेतलेस आणि पुढच्या आठवड्यात घरी गाढवीण आणलीस! अख्ख्या दिग्रसमध्ये तुला दुसरे काही दिसले नाही?

आणि तेही तू? जिनिंगमध्ये उभा जन्म कापसाची प्रत ठरवण्यात गेला तुझा. बोंडातला चिमूटभर कापूस बोटांत ओढून तू धाग्याची लांबी सांगायचास. डागाळलेला ढीग लांबूनच नाकारायचास. आपल्या घरात नेमकेपणा म्हणावा असा तुझ्याकडेच होता, आणि मला त्याचा अभिमान वाटे. त्याच डोळ्यांनी तू भट्टीवरची, गुडघे फुटलेली, खांद्यावर ओझ्याचा चट्टा पडलेली गाढवीण निवडलीस. वर तिचे नाव ठेवलेस सरकी!

मी कारण विचारले, तर म्हणालास, "कुत्रं तर कोनीबी पाळते वं नलू. इले कोन घरी नेते?"

याला निकष म्हणत नाहीत, असे मी तेव्हा सुनावले होते. माझे मत बदललेले नाही.

पण खरा संताप आला तो तुझ्या पोळ्याचा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्याने मळायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण द्यायचे, हे आपण आजोबांच्या गोठ्यात पाहिले होते. तू तेच सगळे सरकीचे केलेस! गल्ली हसली. शेजारचे सलीमभाई तेवढे आपले वेल्डिंगचे दुकान सोडून लोण्याची वाटी धरायला आले होते, म्हणे. पोळा बैलांचा असतो, त्याला काही रीत आहे, असे मी फोनवर बजावले.

"ज्याच्या खांद्यानं ओझं वाह्यलं त्याचा पोळा," तू म्हणालास. "हिनं काय कमी वाह्यलं?"

मी फोन ठेवून दिला. तू मात्र दर वर्षी ते करत राहिलास.

तू गेल्यावर श्रीकांतने हे घर बंद करायचे ठरवले. तुझा मुलगा कठोर नाही, भाऊ. पण पुण्यात तिसऱ्या मजल्यावर तो गाढव कुठे बांधणार? भट्टीचा मालक सरकीला परत न्यायला तयार झाला. "आजून पाच-सात वर्स तं आरामात ओढन," असे तो मला म्हणाला, आणि ते त्याने वाईट हेतूने म्हटले नव्हते. आवराआवरीसाठी मी इथे आले. पोळा संपला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तिला न्यावे, असे ठरले. मी होकार दिला.

परवा संध्याकाळी सलीमभाई लोण्याची वाटी घेऊन फाटकात उभे राहिले. या वर्षी हे काही नाही, सरकी परत जाणार आहे, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले.

"तुमची मर्जी, ताई," ते म्हणाले. "पन तिच्या सामने नका बोलू."

आणि त्यांनी स्वतःच मळायला सुरुवात केली. हळदीच्या गुठळ्या तशाच, हात केसांच्या उलट दिशेने! चुकीचे होत असलेले काम मला पाहवत नाही, हे तुला ठाऊक आहे. मी वाटी काढून घेतली, हळद वस्त्रगाळ केली, लोण्यात एकजीव केली आणि रीतसर सुरुवात केली.

बोटे त्या चट्ट्यावर गेली. तू तिला आणलेस तेव्हा पाठवलेल्या फोटोत तो वाळलेल्या सालपटासारखा होता, भेगाळलेला. आता तो मऊ होता, भाऊ. नुकत्या वळलेल्या कापसाच्या पेळूसारखा मऊ. वर्षातून एकदा लोणी लावून कातडी अशी होत नाही. तू रोज मळत होतास, हो ना? मला का नाही सांगितलेस? मी हसले असते म्हणून?

सरकीने डोळे मिटले आणि सगळा भार माझ्या हातावर टाकला. मी तो बराच वेळ तसाच पेलला.

"आता आवतण," सलीमभाई म्हणाले. "ते घरच्यानंच द्या लागते."

मी दिले. आजोबा देत तसे, तिच्या कानाशी: "आज आवतण घ्या, उद्या जेवायले या." काल ती जेवली. पुरणपोळी तर खाल्लीच, गळ्यातली झेंडूची माळही खाल्ली.

आणि आज भट्टीचा मालक आला. मी त्याला फाटकातच थांबवले. "सरकी येणार नाही. तिला आवतण दिलेले आहे."

"मॅडम, पोळा तं काल झाला."

"पुढच्या पोळ्याचे."

"पन आवतण आदल्या दिवशी देतेत ना जी."

"आमच्या घरी वर्षभर आधी देतात."

सलीमभाईंनी दुकानातून मान वर केली नाही. पण त्यांचे वेल्डिंग थांबले होते. त्या माणसाने दोरीकडे पाहिले, प्यायला पाणी मागितले आणि गेला.

श्रीकांतने फोनवर एवढेच विचारले, तिच्याजवळ कोण राहणार. मी म्हणाले, मी. नागपूरचे माझे घर बंद करता येते. हे येत नाही.

तुझी निवड मला आजही पटलेली नाही. तिचे ओरडणे असह्य आहे, आणि तुळशीचे तिने काय केले ते सांगत नाही. पण शब्द देते, भाऊ: तो खांदा रोज संध्याकाळी मळला जाईल. हळद गाळून, केसांच्या दिशेने. आणि तिच्या शेवटच्या पोळ्यापर्यंत आवतण घरच्याच तोंडून जाईल.

तुझ्याशी अजूनही असहमत,
तुझी धाकटी,
नलू