आईचं पुढचं सेशन

चि. सुमेध,

आशीर्वाद, पण यावेळी थोडे हातचे राखून.

माणिकपूरला तू मोजक्या भेटींत भावना मोकळ्या करणारी थेरपी करतोस, शिकवतोस, याचं मला कौतुक आहे. घरात कुणी कंटाळलं की "तो कंटाळा शरीरात नेमका कुठे जाणवतो?" विचारतोस, तेही मी सोसते. पण विद्यार्थ्यांना दाखवायला तू चक्क आईला समोर बसवलंस.

"आई, माझ्याबद्दल आत्ता काय वाटतं?"

"राग येतो. तू येतच नाहीस रे," म्हणाली आणि रडायला लागली. तू वर्गाकडे वळून म्हणालास, "बघा, बांध फुटला." मग तिला जूचंद्रला माझ्या घरी येणाऱ्या रिक्षात बसवलंस आणि मला फोनवर सांगितलंस, "ताई, आई आता मोकळी झाली."

अरे शहाण्या, तासभर तू फोन बंद ठेवून तिच्याकडे बघत बसला होतास. तुझ्या लग्नानंतर हे पहिल्यांदाच घडलं. आता ती रोज विचारते, "पुढचं सेशन कधी?" मी म्हटलं, "मुलगा आहे तुझा, सरळ ये म्हण." तर म्हणते, "मुलाला वेळ नसतो गं. पेशंटला देतो."

हे पत्र पाठवणार नाही. तू ते वर्गात वाचून दाखवशील.

कालपासून तिच्या छातीत दडपण येतंय. जेवण मात्र व्यवस्थित आहे. डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं तर म्हणाली, "डॉक्टर कशाला? सुमेधला दाखव. आणि सांग त्याला, मागच्या सेशनपेक्षा जास्त आहे."

तुझी वैतागलेली,
सुहासिनीताई