थळच्या सुताराची बॅट

सोमवार, १९ नोव्हेंबर १९३४

मोडली! दादाने मुंबईहून आणलेली माझी बॅडमिंटनची बॅट. मांडव्याला पडावातून उतरताना तो स्वतः कमरेपर्यंत भिजला, पण तिला थेंब लागू दिला नाही. ती आज क्लबातल्या माडावर आपटली. फूल परतवायला मी मागे मागे गेल्ये आणि—खाड्! माडाला काही झालं नाही. बॅटची गोल चौकट वरच्या अंगाला चिरली, विणलेली तात सुटून लोंबायला लागली.

आणि समोर कोण? मामलेदारीणबाई! श्यामलाबाई! मी पुढे होत्ये हो! आमच्या बायकांच्या क्लबात त्यांच्या पुढे कुणी जात नाही. जाता येत नाही असं नव्हे, जात नाहीत. शिरस्तेदारांच्या बाई फूल नेमकं जाळ्यात घालतात. फौजदारांच्या बाईंच्या पायात ऐन वेळी गोळा येतो. मामलेदारसाहेब रोज खुर्ची टाकून बायकोचा खेळ बघतात आणि मान डोलावतात. त्यांच्या डोळ्यांदेखत बाईंना हरवून आपल्या नवऱ्याची बदली कुणाला ओढवून घ्यायची आहे?

मलाही नाही घ्यायची. हे अजून हंगामी अव्वल कारकून आहेत, साहेबांचा शेरा चांगला गेला तर कायम होतील. पण करू काय? मला मुद्दाम हरता येत नाही. सागरगोट्यांतसुद्धा कधी आलं नाही.

मंगळवार, २० नोव्हेंबर

हे म्हणाले, "बरं झालं मोडली." संध्याकाळपर्यंत बोलल्ये नाही.

कुबराबी शेजारची, तिने मात्र अंगणामधल्या दगडी गडग्यावरून तुकडे बघितले आणि म्हणाली, "रडतेस कशाला? आमच्या पडावाचा सुतार हाय ना थळला, हिरामण. ज्यानं अख्खा पडाव सांधला, त्याला ही चाळणी जड हाय काय?" बॅट तिच्या नुरुद्दीनभाईंबरोबर थळला गेली.

मंगळवार, २७ नोव्हेंबर

आली बॅट! अरे देवा!

हिरामण स्वतः घेऊन आला, पोर न्हाऊ-माखू घालून आणावं तशी. चिरलेल्या जागी दोन्ही अंगांनी सागवानी पट्ट्या. पट्ट्यांना तांब्याचे खिळे, पडावाला मारतात तेच. तात तुटली होती तिथे मासे धरायच्या गरीची दोरी ओवून ताणली आहे, इतकी की नख मारलं तर टण्ण वाजते. वरून सगळ्याला राळ. आणि राळेवर माशाचं तेल! मांजर दारातून हलेना.

"बाय, आता दर्यात टाकलंस तरी फुटाची न्हाय," म्हणाला. छातीवर हात ठेवून म्हणाला.

फुटायची नाहीच. पण दांड्याला धरली की तोंड धाडकन खाली. सगळं वजन टोकाला! जरासुद्धा लवत नाही. मी "छान झाली" म्हटलं. त्याचं तोंड बघून दुसरं काही म्हणवेना.

संध्याकाळी क्लबात नेली. पहिलाच फटका—आणि फूल जाळ्यावरून, बायकांवरून, भिंतीवरून पार! दुसऱ्यापासून हात आवरला, मग कुणाला परतवता येईना. फौजदारांच्या बाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "कोळीवाडा आला का गं कुठून?" येऊ दे! श्यामलाबाईंशी आज गाठ पडली नाही, पण बाकीच्यांशी मी तीन डाव ओळीने जिंकल्ये.

बुधवार, २८ नोव्हेंबर

हात जरा भरून आला आहे. सवयीने जाईल.

शनिवार, १ डिसेंबर

जात नाही. उजव्या कोपराच्या बाहेरच्या अंगाला एक जागा आहे, तिथून सुरू होतं आणि पार मनगटापर्यंत उतरतं. फटका मारताना काही कळत नाही, तेव्हा मी राणी असत्ये. घरी येऊन तपेलं उतरवायला गेलं की आई आठवते.

मंगळवार, ४ डिसेंबर

ताक घुसळताना रवी हातातून सुटली. विशेष काही नाही.

शुक्रवार, ७ डिसेंबर

नाताळच्या आधी, बावीस तारखेला, मोठा सामना! कलेक्टरसाहेबांची मडम यायची आहे, चांदीचा पेला द्यायची आहे. श्यामलाबाईंसमोर कोण? बाकीच्यांनी एकेक करून अंग काढून घेतलं. कुणाला पाहुणे, कुणाला वात. उरल्ये मी.

हे जेवताना मऊ आवाजात म्हणाले, "अगं, हरायला असं काय लागतं?"

"तुम्ही हरून दाखवा की बुद्धिबळात शिरस्तेदारांना."

"ती गोष्ट वेगळी."

"कशी वेगळी?"

आमटी जास्त तिखट झाल्ये म्हणाले. तेवढ्यात पळी घेताना माझं कोपर चमकलं आणि मी "आई गं" केलं. यांचं तोंड असं उजळलं! "हात दुखतोय? वा! म्हणजे... अरेरे. मग नकोच खेळूस. चिठ्ठी मी नेऊन देतो."

"पळी तापली होती," म्हटलं.

मग सगळी आमटी त्याच पळीने वाढली. डोळ्यांत पाणी येत होतं तरी वाढली!

सोमवार, १० डिसेंबर

कुबराबीला मात्र दाखवला हात. तिने बॅट हातात घेतली आणि पहिल्यांदाच तोलून बघितली. "या अल्ला! ही बॅट न्हाय गो, नांगर हाय! फेक ती समींदरात." क्लबातली हलकी घे म्हणाली. क्लबातल्या बॅटी म्हणजे वरण ढवळायच्या. त्यांनी श्यामलाबाई हरायच्या नाहीत. मला कळतंय सगळं! बॅटच हात खात्ये, हे मला कळत नाही का? पण तिच्याशिवाय मी जिंकत नाही, हेही कळतंय.

आंबेहळदीचा लेप लावला. यांना सांगितलं, डास चावला.

बुधवार, १२ डिसेंबर

आज गंमत! कुबराबीने थळला निरोप धाडला की बॅट हाताला त्रास देते, जरा बघ. हिरामण आला, बॅट उलटीपालटी केली, कानाशी नेऊन वाजवली. मला वाटलं पट्ट्या तासून हलकी करील. त्याला वाटलं काम ढिलं पडलं म्हणून बाय तक्रार करत्ये! रागाने लाल झाला. पिशवीतून आणखी दोन खिळे काढले आणि माझ्यासमोर ठोकले. टोकाला!

"आरं, हलकी कर म्हटलं हुतं!" कुबराबी गडग्यावरून ओरडली.

"हलकं काम आपल्या हातून व्हायाचं न्हाय," म्हणाला आणि चालता झाला. आम्ही दोघी हसून हसून खाली बसल्यो. हसताना हात हलला, मग मी एकटीच रडल्ये.

शनिवार, १५ डिसेंबर

क्लबातून निघताना श्यामलाबाई मागून आल्या. कधी नाही ते माझ्याबरोबर फाटकापर्यंत चालल्या. त्या जिंकल्या की त्यांचं तोंड नेहमी कारलं खाल्ल्यासारखं होतं, तसंच होतं. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "कुमुदबाई, तुम्ही मनापासून खेळा हं. कुणी काही सांगो. तुम्ही एकट्याच खेळता इथे."

 इतके दिवस वाटायचं, यांना काही कळत नाही. सगळं कळतं! मोठ्ठी बाई आहे ही. आता तर जिंकायचंच. वचन दिलंय मी, मान हलवून.

मंगळवार, १८ डिसेंबर

हात दुखतोय. लिहवत नाही.

शुक्रवार, २१ डिसेंबर

केस विंचरायला हात डोक्यापर्यंत जाईना. डोकंच हाताकडे नेलं. उद्यापुरता चाल रे बाबा! मग महिनाभर निजून राहा.

हे झोपण्याआधी म्हणाले, "माझं नशीब तुझ्या हातात आहे." उजव्या की डाव्या ते म्हणाले नाहीत.

रविवार, २३ डिसेंबर

डाव्या हाताने लिहीत्ये. अक्षराला हसू नये.

काल अख्खा गाव लोटला होता. जाळं नवीन आणलेलं, पण तेही थळच्या कोळ्यांचंच, त्यामुळे मडमेने रुमाल नाकाला लावूनच खेळ बघितला. पहिला डाव माझा! दुसरा त्यांचा. तिसऱ्यात मी दहावर आल्ये, बाई सातावर, अकरावा गुण मिळाला की संपलं. यांच्याकडे बघितलं, यांनी डोळे मिटून घेतले होते. श्यामलाबाईंकडे बघितलं—शपथेवर सांगत्ये, त्यांचे डोळे माझ्याकडे लागले होते, मार, मार म्हणत असल्यासारखे.

फूल वर आलं. सोपं, अगदी डोक्यावर. मी बॅट उचलली आणि कोपरात काहीतरी निखाऱ्यासारखं झालं. बोटं उघडली. बॅट सुटून गेली ती साहेबांच्या खुर्चीशी धप्पकन पडली. साहेबांनी पाय वर घेतले म्हणून वाचले! पुढची चार फुलं मी नुसती बघत उभी होत्ये. बॅट धरत्ये कशाला, हातच हलत नव्हता. हरल्ये आणि कोपर धरून खालीच बसल्ये.

आणि मग काय झालं? टाळ्या! मला!! शिरस्तेदारांच्या बाई कानात म्हणाल्या, "काय बेमालूम हरलीस गं! आम्हाला नाही हो असं जमत." फौजदारांच्या बाई म्हणाल्या, "बॅट टाकलीस तेव्हा मला खरंच वाटलं." यांनी घरी येताना सोनचाफ्याची फुलं घेतली. "कोपर धरून खाली बसलीस ना, तेव्हा तर कमाल! नाटकमंडळीत शोभली असतीस." मी ओरडून सांगितलं, खरंच दुखतंय, खरंच हरल्ये! तर म्हणतात, "अगं, आता घरात कशाला?"

याचंही काही नाही. श्यामलाबाई जाळ्याशी आल्या. मी डावा हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. "तुम्हीसुद्धा?" एवढंच म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. पेला घेतानाही माझ्याकडे बघितलं नाही.

मंगळवार, २५ डिसेंबर

त्यांच्या बंगल्यावर गेल्ये होत्ये, खरं काय ते सांगायला. पट्टेवाला म्हणाला, बाईसाहेब निजल्या आहेत. खिडकीत त्यांचं पातळ हललं. निजल्या कसल्या!

हरल्याचं दुःख आहेच, मोठं आहे. पण जिने एकटीने माझ्यावर विश्वास ठेवला तिलाच वाटावं की मी लबाड? घरी येऊन पोटभर रडल्ये. हे लांबूनच म्हणाले, "डास चावला का?"

गुरुवार, २७ डिसेंबर

यांना पटलं! पटायचं कारण म्हणजे केस. पाच दिवस वेणी नाही, जटा व्हायची वेळ. शेवटी बाहीच वर करून दाखवली. आंबेहळदीखाली कोपर पेरूएवढं.  हे तसेच उठले, फणी आणली, पाटावर माझ्यामागे बसले. सरकारी दप्तर बांधतात तशी वेणी बांधायला लागले—तीन पेड, आणि प्रत्येक पेडाला गाठ! "मला मेल्याला कळलं नाही गं," असं दोनतीनदा म्हणाले. मी आपली मान ताठ ठेवून बसल्ये होत्ये, नाहीतर रडू आलं असतं.

आणि दारात कोण उभं? श्यामलाबाई! त्या पेला मिळाल्याची पानसुपारी घरोघर वाटत फिरत होत्या—साहेबांचा हुकूम, दुसरं काय. हे धडपडत उभे राहिले, वेणी हातातच, म्हणजे मीही उभी राहिल्ये! फणी माझ्या केसांत, राम राम बाईंना! अव्वल कारकुनाला बायकोची वेणी घालताना मामलेदारीणबाईंनी बघावं, याहून मरण बरं असं यांच्या तोंडावर लिहिलं होतं. पण त्यांचं लक्ष माझ्या उघड्या कोपरावर.

"खरंच दुखतंय?"

मी बोलायच्या आधी हेच बोलले. "खरंच हो, बाईसाहेब! आजपासून नारळसुद्धा मीच खवणार!"

आता हसतील असं वाटलं. हसल्या नाहीत. खाली बसल्या, पदर तोंडाला लावला. जाताना म्हणाल्या, "उद्या दुपारी येत्ये. घरात कुणी नसेल तेव्हा."

शुक्रवार, २८ डिसेंबर

आल्या. दार लावून घ्या म्हणाल्या. मग पोलक्याची लांब बाही वर केली. त्यांचं कोपर माझ्याहून सुजलेलं! दोन वर्षं झाली. साहेबांनी हौसेने विलायतेहून जड बॅट मागवली, बाई जिंकत गेल्या, साहेब चारचौघांत मिरवत गेले. जिंकणाऱ्या बाईने दुखतं म्हणून सांगायचं कुणाला? "मी मुद्दाम हरल्ये तर साहेबांना लगेच कळेल. कुणीतरी एकदा हरवा हो मला, म्हणजे मेली ती बॅट ठेवून देता येईल. तुमच्यावर आशा लावून बसल्ये होत्ये," म्हणाल्या. पेला मिळाल्यामुळे साहेबांनी आता पुण्याच्या सामन्यांत त्यांचं नाव घातलं आहे.