नितीनच्या कॉम्प्युटरला हार

दसरा, संध्याकाळ. लोअर परळ

जळतोय मी शेजारच्या नितीनवर, दुसरं काय! गेमिंग कॉम्प्युटर आधी मी घेतला. पण नवखा, लाल दिव्यांना भुललो, ग्राफिक्स कार्डाचं विचारलंच नाही. गेम सुरूच होत नाही.

आज त्याने पूजेला माझ्याच बाबांना बोलावलं. संपाआधी गिरणीत साच्याला, म्हणजे कापड विणायच्या मागाला घालायचे, तसा त्यांनी हार घातला. नितीनने गाड्यांची शर्यत लावली. "साच्यासारखा धडधडतोय रे!" बाबा किती दिवसांनी हसले. तेही त्याच्याकडे!

घरी येऊन त्यांनी माझ्या कॉम्प्युटरलाही हार घातला. "आता ती शर्यत तुझ्या कॉम्प्युटरवर लाव बघू."

"पूजेच्या दिवशी यंत्र बंद ठेवतात ना, बाबा. नितीनला काय कळतंय?"

"खरंय. मग उद्या लाव."

हार घातलाय त्यांनी. उद्या काय सांगू?