नावाआधीची पट्टी

२ डिसेंबर

आले एकदाची. उंब्रजला एसटीतून उतरले तर सुभेदार नानासो साळुंखे स्वतः मोटारसायकल घेऊन उभे. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस, पण माझी पेटी टाकीवर आडवी ठेवली आणि उसाच्या रस्त्यानं अशी गाडी हाणली की मी मागं बसून णमोकार म्हणत होते.

घर मळ्यात आहे. नवं, स्लॅबचं, पुढं ऐसपैस ओटा. घरात सुभेदारकाका, त्यांच्या मंडळी शालूकाकू आणि सून प्रियदर्शनी. मुलगा ऋषिराज लष्करात, लांब वर डोंगरात. काम त्यानंच दिलंय. वडलांच्या पंचाहत्तरीला घराण्याच्या आठवणींचा मोठा अल्बम करायचा. फोटो, पत्रं, पदकांच्या फिती, लग्नपत्रिका, सगळं पानापानावर सजवून, खाली माझ्या अक्षरात नावं. फोटो म्हणजे एक आख्खी ट्रंक. उघडली तर वर साडीचं फडकं, खाली उंदराच्या लेंड्या आणि मध्ये चार पिढ्या.

भरतेशनं सांगलीच्या स्टँडवर चिडवलंच. म्हणाला, जगाचे अल्बम पुरे करतेस, आपल्या लग्नाचा नऊ वर्षं झाली अर्धवट पडलाय. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. म्हणून ह्या वेळी तोही पेटीत घालून आणलाय. रोज संध्याकाळी आपलं एक पान करायचं असं ठरवलंय.

आणि ही नवी रोजनिशी. पुठ्ठ्यावर टपोरं नाव घातलंय, रूपाली भरतेश मगदूम. पुढं सौ. वगैरे काही नाही. मला त्या शेपटांचा कंटाळा.

३ डिसेंबर

कामाला लागले. लोकांचं अडतं कुठं, तर ते पहिल्या पानापासून सुरू करतात. पणज्याचा फोटो सापडेना म्हणून वर्षभर वही कोरी. मी मधूनच सुरू करते, ज्याचं जास्त साहित्य त्याचं पान आधी. एकेका माणसाचं एकेक पाकीट, पाकिटावर नाव. दिवसाला झेपतील तेवढीच पानं. हात थांबला की उठायचं, चहा प्यायचा, पण टेबल आवरून.

माझी एक युक्ती आहे. नावाच्या आधीचं जे असतं, श्री., चि., सौ., ते मी वेगळ्या चिकटपट्टीवर लिहिते. चुकलं तर नाव वाचतं, नुसती पट्टी उचलून दुसरी लावायची. काढलेली पट्टी मात्र इकडंतिकडं टाकायची नाही, सरळ रोजनिशीच्या पुठ्ठ्यावर डकवायची. एकदा खुर्चीवर टाकली होती, तर भरतेश पाठीवर ‘चि.’ घेऊन ऑफिसात दिवसभर हिंडला.

दुपारी सुभेदारांचे थोरले भाऊ लालासाहेब आबा आले. पलीकडच्याच घरात राहतात. त्यांच्या बायकोचं, हौसाबाईंचं पान मी नुकतंच केलं होतं. शालूकाकूंनी बजावलं होतं की नुसतं कै. घालू नगं, ‘कै. सौ.’ घाल. ती भरल्या कपाळानं गेली. नवऱ्याआधी गेलेली बाई कायमची सौ., तिला आता कुणी श्रीमती करू शकत न्हाई. मी मनात म्हटलं, बाई गं, मेल्यावरही नवऱ्याचा बिल्ला.

आबांनी ते पान हातात धरून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “पोरी, तुज्या अक्षरात जीव हाय बघ.” अक्षराचं कौतुक झालं की मी दिवसभर हवेत असते.

५ डिसेंबर

आज माझा चांगलाच पचका झाला. एका पाकिटात आबांचा फोटो निघाला, गळ्यात भला मोठा हार, तोंड गंभीर. जुना फोटो, मिशा काळ्याभोर, मला ओळखू आले नाहीत. मागं नुसतं ‘लालासाहेब’ लिहिलेलं, मला वाटलं त्याच नावाचे कुणी आधीच्या पिढीतले. हार पाहून मी घातलं ‘कै. लालासाहेब’ आणि चिकटवूनही टाकलं. तेवढ्यात आबाच चहाला हजर. तो हार सोसायटीच्या निवडणुकीत निवडून आले तेव्हाचा होता. आख्खं घर हसून लोळलं. मी पट्टी काढायला गेले तर आबांनी हात धरला. म्हणाले, “आसू दे गं. जित्या मानसाला मेला म्हटलं की आयुष्य वाढतं. माझं वाढीवलंस तू.” काढूच दिली नाही.

प्रियदर्शनीचं पानही झालं. तिला शिवणकामाचं बक्षीस मिळालं तो फोटो लावलाय. भारी दिसतंय. गोड पोर आहे. ऋषिराजचा फोन आला की ओट्याच्या टोकाला जाऊन बोलते आणि परत येताना तोंड पदरानं पुसत येते.

आपल्या लग्नाचं पान केलं नाही. दमले.

८ डिसेंबर

लालासाहेब आबा गेले. सकाळी उसाला पाणी सोडायला गेले ते बांधावरच बसल्या जागी. काल संध्याकाळी माझ्याकडून सुपारी मागून घेतली होती.

वय झालं होतं, असं सगळे म्हणतात. मीही म्हटलं. पण सुभेदारकाका तिरडीमागून जाताना त्यांनी एकदा माझ्याकडं वळून पाहिलं. रागानं नव्हे. नुसतं पाहिलं. मला जेवण गेलं नाही.

९ डिसेंबर

आज अल्बम मिटून ठेवायचा म्हणून शालूकाकूंनी उचलला आणि तो प्रियदर्शनीच्या पानावर उघडला. काकू मटकन खाली बसल्या.

मी तिथं लिहिलं होतं, ‘श्रीमती प्रियदर्शनी ऋषिराज साळुंखे’.

आमच्या सांगलीच्या शाळेत मी नावांचे फलक रंगवायची. तिथं लग्न झालेल्या, न झालेल्या, सगळ्या बायका श्रीमतीच. मानाचा शब्द म्हणून हात तसाच वळला. पण ह्या घरात श्रीमती म्हणजे विधवा. काकू मला रागं भरल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, “नावाफुडचं आक्षर म्हंजी बाईचं कपाळ आसतंय गं. माझ्या पोराला काय झालं तर मी कुणाकडं बगू?” आणि मग कळलं की परवापासून ऋषिराजचा फोन लागत नाहीये. आबांची बातमीसुद्धा त्याला देता आली नाही.

मी तिथल्या तिथं पट्टी काढली. घाईत कागदाचा पापुद्राही निघाला. नवी ‘सौ.’ची पट्टी लावली. काढलेली ‘श्रीमती’ नेहमीप्रमाणं रोजनिशीच्या पुठ्ठ्यावर डकवली.

देवा, पोराचा फोन येऊ दे.

१० डिसेंबर

आला फोन. ऋषिराजचाच. त्यांची गाडी दरीत गेली होती. हात मोडलाय, लष्कराच्या दवाखान्यात आहे, पण खणखणीत बोलला. म्हणाला, शुद्धच नव्हती, काल दुपारी एकदम डोळे उघडले. काल दुपारी म्हणजे मी पट्टी काढली तेव्हा. मी हे कुणाला बोलले नाही.

प्रियदर्शनी माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडून घेतलं. आता ह्या घरात शब्दन्‌शब्द विचारून लिहीन. दोन दिवसांत काम आटपते आणि सांगली गाठते. भरतेशला सांगितलं तर म्हणाला, मीच येतो न्यायला.

११ डिसेंबर

सासूबाईंचा फोन आला. भरतेशची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर आदळली. ट्रॉली रस्त्याकडेला उभी होती, मागं दिवा नव्हता. मला आणायला निघाला होता.

पेटी, अल्बम, सगळं तिथंच टाकलं. पर्समध्ये ही रोजनिशी होती तेवढी आली. सुभेदारकाकांनी जीप करून दिली. वाटेत प्रत्येक ट्रॉली दिसली की मी डोळे मिटत होते.

सांगली. दवाखाना. डोक्याला मार. भरतेश बोलत नाही. डॉक्टर म्हणतात वाट पाहू.

१२ डिसेंबर, सकाळ

आयसीयूच्या बाहेर बसलेय. लिहिलं की जीव जाग्यावर राहतो म्हणून रोजनिशी काढली. आणि पुठ्ठा पाहिला.

पट्टी मी कोपऱ्यात डकवली होती. कोपऱ्यात, खाली. आता ती वर आहे. नावाच्या बरोबर आधी, मी मोकळी ठेवलेल्या जागेत. सरळ, माझ्याच वळणात –

श्रीमती रूपाली भरतेश मगदूम.

मी ती ओरबाडून काढली. मागच्या कोऱ्या पानावर चिकटवली, जिथं कुणाचंच नाव नाही. तेवढ्यात नर्स बाहेर आली, म्हणाली, ताई, त्यांनी बोट हलवलं. मी आत पळाले. खरंच हलवलं. माझा हात धरला त्यानं. सासूबाई गुणमाला म्हणजे दगडासारखी बाई, त्यासुद्धा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या.

सुटलो.

१२ डिसेंबर, दुपार

नाही सुटलो. प्रियदर्शनीचा फोन. ऋषिराज सकाळी हसत बोलला आणि नंतर एकदम बेशुद्ध पडला. कारण सापडत नाही. तिनं भीत भीत विचारलं, “ताई, पानावरची ती पट्टी तुमी काढली हुती न्हवं? मग ती परत तितंच कशी?”

मी कोरं पान पाहिलं. रिकामं. चिकटल्याचा डागसुद्धा नाही.

तिला मी खरं सांगितलं. सगळं. आबांचं, तिचं, माझं. ती पट्टी कोऱ्या पानावर राहत नाही, तिला बाईचं नाव लागतं. तुझं नाहीतर माझं.  मग तिनं विचारलं, “मी काडू का ताई?”

नको काढूस. असं मी म्हणणार होते. तोंडाशी आलं होतं. ऋषिराज मरू दे, पण काढू नकोस. मला माझीच लाज वाटते. पण तेच आलं होतं तोंडाशी.

ती माझ्या उत्तराची वाट बघत राहिली नाही. तिनं काढली असणार. नवऱ्यासाठी मीही काढलीच होती.

पुठ्ठ्यावर परत आलीय. आत यंत्र ओरडायला लागलंय –

१३ डिसेंबर

पट्टी जाळली. दवाखान्यामागं, चहाच्या टपरीच्या स्टोव्हवर. राख झालेली पाहिली. पुठ्ठा पाहिला, तर आता पट्टी नाही, नुसतं अक्षर. शाईचं. थेट पुठ्ठ्यात उतरलेलं. पुठ्ठाच फाडला, तर पहिल्या पानावर. ते पान फाडलं, तर –

आबा म्हणाले होते, अक्षरात जीव हाय. कौतुक वाटलं होतं मला. कागद माझा, शाई माझी, हात माझा. कुणाला बोल लावू.

प्रियदर्शनीचा फोन आला. ऋषिराज शुद्धीवर आहे. ती हळूच म्हणाली, ताई, माझ्याकडं परत पाठवू नगा, पाया पडते. मग म्हणाली, न्हाई, पाठवा. मग नुसतीच रडत राहिली. तिला दिवस गेलेत. कालच कळलंय. ऋषिराजला अजून सांगितलेलं नाही.

कुणाकडं पाठवू. सासूबाईंचं नाव आधीच श्रीमती आहे. त्यांच्यापुढं लिहून पाहिलं, गुणमाला – पण तिथं शाई धरतच नाही. झालेलं पुन्हा होत नाही.

झालेलं पुन्हा होत नाही.

१४ डिसेंबर

डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस. मुलांना, बहिणींना बोलवून घ्या म्हणाले. मुलं नाहीत आम्हाला, मी सांगितलं. आहे ते एवढंच आहे.

काचेतून दिसतोय. डोक्याला एवढं पांढरं. नऊ वर्षं हा माणूस माझ्यावर एकदा ओरडला नाही. पाठीवर ‘चि.’ घेऊन घरी आला तेव्हाही हसत बसला होता. मी ह्याच्यामागं राहणार नाही. नाही राहणार.

हौसाबाईंचं पान आठवलं. नवऱ्याआधी गेलेली बाई कायमची सौ. तिला कुणी श्रीमती करू शकत नाही. शालूकाकू म्हणाल्या होत्या आणि मी मनात हसले होते.

मग ते अक्षर माझ्याच नावाला राहील आणि खोटं पडेल. प्रियदर्शनीकडं जाणार नाही. भरतेशला लागणार नाही. ‘कै.’ लिहिल्यावर लालासाहेब आबा दोन-तीन दिवस तरी राहिले होते. पण तेव्हा मी चुकून लिहिलं होतं. आता समजून लिहिणार. समजून लिहिलं की किती –

भीती वाटते. लय भीती वाटते. 

भरतेश, पेटी उंब्रजला शालूकाकूंच्या कपाटावर आहे. आपल्या लग्नाची पाकिटं लावून ठेवलीत, तारखांप्रमाणं. पहिल्या पानापासून सुरू करू नकोस, अडशील. हळदीच्या फोटोपासून कर, त्यात तू हसतोयस. रोज एकच पान. पट्ट्या खुर्चीवर टाकू नकोस. आणि नावं तुझ्या अक्षरात घाल, घाणेरडं असलं तरी. तुझ्या अक्षरात काही नाही, ते बरं आहे.

नर्स पळत आत गेली. यंत्र –

आधी मी. आधी मला –

कै. सौ. रूपाली भर