राजीनामा है न, दीदी?

४ नोव्हेंबर, सोमवार
दिवाळीनंतरचा पहिलाच दिवस आणि डोक्याला ताप. औषधांच्या खोक्यांची मोठी ऑर्डर शुक्रवारी जायचीय. पंचिंग मशीनवर रामअवध. पन्नाशीचा, बिहारचा, चार महिन्यांपूर्वी लागला. हात असा की एक खोकं वाकडं जात नाही. सकाळी तो फोरमनला, म्हणजे कांबळ्यांना म्हणाला, "हम गुरुवार-शुक्रवार नहीं आएंगे. छठ है." कांबळ्यांनी ते जसंच्या तसं देसाई साहेबांच्या कानावर घातलं. झालं! साहेब लालबुंद. "हम? हम म्हणजे कोण कोण? किती जण फोडलेत त्याने?"
अहो, तिकडे माणूस स्वतःला एकट्यालाही हम म्हणतो. मी सांगायला गेले. "वैशाली, तू ऑर्डरचं बघ." मुलुंडच्या या गाळ्यात एकोणीस वर्षं मी ऑर्डरचंच बघतेय. मॅनेजर तीन बदलले.

५ नोव्हेंबर, मंगळ.
साहेब आज एकदम गोड. रामअवधला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. बाहेर येऊन मला म्हणाले, "त्याचं मिटलं. राजीनामा टाइप कर, सही घे."
चार ओळी टाइप केल्या. 'मी स्वखुशीने माझ्या नोकरीचा राजीनामा देत आहे' वगैरे. नेहमीचा मजकूर. रामअवधने एकेका शब्दावर बोट ठेवून वाचला. हिंदी वाचता येतं, अक्षरं तीच. मग विचारलं, "राजीनामा है न, दीदी?" मी म्हटलं, "हां, राजीनामा." त्याने कागद कपाळाला लावला, सही केली, मला हात जोडले आणि चक्क हसला.
संतापच आला मला. दोन दिवसांच्या रजेसाठी नोकरीवर लाथ मारतोस आणि वर हसतोस? घरी नवऱ्याला, सुधीरला सांगितलं तर म्हणाला, "त्यांना काय, दुसरीकडे लागतील." मीही मान डोलावली.

८ नोव्हेंबर, शुक्र.
ऑर्डर गेली नाही. मशीनवर नवा माणूस, दोनशे खोकी फुकट. साहेब कांबळ्यांवर ओरडले. कांबळे माझ्यावर. मी कुणावर ओरडू?

९ नोव्हेंबर, शनि.

सकाळी गेटवर गलका. रामअवध डबा घेऊन उभा, आत सगळ्यांसाठी ठेकुआ, त्यांचा छठचा प्रसाद. वॉचमन सोडेना. "तुमने राजीनामा दिया है."
"हां भाई, दिया है. तभी तो काम पर आए हैं!"
"राजीनामा दिया ना? फिर कायको आया?"
"अरे, राजीनामा हो गया, इसीलिए तो आए!"
दोघंही एकच शब्द एकमेकांच्या तोंडावर फेकतायत. लोक हसत होते. मीही आधी हसले, हे इथे लिहून ठेवते.
मग खाली गेले. विचारलं, "रामअवधजी, राजीनामा मतलब क्या?"
"सुलह, दीदी. साहब भी राजी, हम भी राजी. झगड़ा खतम, छुट्टी मंजूर."
"और नोकरी छोडने को क्या बोलते?"
"वो तो इस्तीफा हुआ."
इस्तीफा! रोज टीव्हीवर ऐकते हा शब्द. नेते देतात, मागतात, दिवसभर तेच. त्या दिवशी माझ्या तोंडात का नाही आला? त्याने विचारलं होतं. नीट, तोंडावर विचारलं होतं. आणि मी हां म्हटलं.
मग त्याला सांगितलं, मराठीत राजीनामा म्हणजेच इस्तीफा. त्याने डबा वॉचमनच्या टेबलावर ठेवला आणि गेला. प्रसाद परत न्यायचा नसतो म्हणाला.

त्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीत
साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. मला वाटलं, चुकचुकतील, कागद फाडतील, माणूस परत येईल. ऑर्डर तर अडलीच आहे. कसलं काय! "सही आहे ना त्याची? मग झालं. मी राजीनामा म्हणालो, तूही राजीनामा म्हणालीस, कागदावरही राजीनामा. यात खोटं काय आहे?"
खोटं काहीच नाही, म्हणून तर अंगाची लाही होतेय. साहेबांचं सगळं बालपण इंदूरला मामांकडे गेलंय. हिंदी माझ्यापेक्षा शंभर पटीने चांगलं. त्यांना माहीत नसेल?
विचारायची हिंमत झाली नाही.

११ नोव्हेंबर, सोम.
आजच्याच दिवशी हे व्हायचं होतं! मोठ्या गिऱ्हाइकाची अट म्हणून प्रशिक्षण. 'विविध संस्कृतींच्या सहकाऱ्यांसोबत प्रभावीपणे काम.' पवईहून बाई आल्या होत्या, छान साडी, पडद्यावर चित्रं. ऑफिसातले आम्ही सात जण, सगळे मराठी. मशीनवरचे बिहारी, ओडिया, तमिळ खाली काम करत होते. त्यांना वर बोलवायचं कुणाला सुचलं नाही. विविधता खाली, प्रशिक्षण वर.
शेवटी "काही अनुभव?" विचारलं. मी उभी राहिले, राजीनाम्याचं सांगितलं. नाव घेतलं नाही. बाईंना खूप आवडलं. "किती सुंदर उदाहरण! पुढच्या वेळी मी वापरू का?" टाळ्यासुद्धा पडल्या. साहेब माझ्याकडे बघत होते.
सुंदर म्हणे.

१२ नोव्हेंबर, मंगळ.
रामअवध कामगार कार्यालयात जाऊन आला. त्याच्या वस्तीतला कुणी शिकलेला सोबत होता. तिथून फोन आला आणि तासाभरात साहेबांनी मला बोलावलं. "वैशाली, बस." मग एक कागद पुढे केला. या वेळी टाइप त्यांनी स्वतः केलेला. 'सदर मजकूर मी कामगारास हिंदीत समजावून सांगितला व तो त्यास पूर्णपणे समजला.' खाली माझं नाव, सहीची जागा.
"गुरुवारी दहापर्यंत दे. घाई नाही."
घाई नाही म्हणे! म्हणजे विचार कर, एकोणीस वर्षांचा विचार कर, मुलीच्या कॉलेजचा कर. स्पष्ट बोलले असते तर मी भांडले तरी असते.
सुधीर म्हणाला, "अगं, तू फक्त टाइप केलंस. सांगितल्याचं लिहून दिलंस तर कुणाचं काय जातं?" रामअवधचं जातं, सुधीर. पन्नाशीतल्या माणसाला दुसरं मशीन कोण देणार? त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

१३ नोव्हेंबर, बुध.
कांबळ्यांना गोडाउनमध्ये गाठलं. भांडायलाच गेले होते. म्हटलं, तुम्ही ते हम-बिम साहेबांपर्यंत नेलं नसतं तर हे झालंच नसतं. ते पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यावर बसले.
"मॅडम, माणूस ऐकत नाही एवढंच बोललो मी. काढा म्हणालो नव्हतो." मग म्हणाले, "आमच्या बाबांनी कशावर अंगठा दिला, ते त्यांना मरेपर्यंत कळलं नाही. म्हणून त्यांनी मला मारून मारून शाळेत घातलं. वाचता आलं की कुणी फसवत नाही, म्हणायचे. हा तर वाचून फसला ओ."
माझं भांडण तिथेच संपलं.
संध्याकाळी रामअवधला फोन केला. माफी मागायची होती. नीट जमली नाही, माझं हिंदी असल्या वेळी दगा देतं. तो म्हणाला, "आप गलत नहीं बोलीं, दीदी. आपका शब्द आपके हिसाब से सही था." त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

१४ नोव्हेंबर, गुरु. सकाळी
सुधीर आणि पोरगी उठायच्या आत लिहितेय.
साहेबांचा कागद पर्समध्ये आहे. दुसरा मी हाताने लिहिलाय, तीनदा फाडून. 'मी त्यांना काहीही समजावून सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं, राजीनामा है न, आणि मी हां म्हटलं. राजीनामा म्हणजे त्यांच्या भाषेत सुलह हे मला माहीत नव्हतं. विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही.' तोच मजकूर खाली हिंदीतही लिहिलाय. चुका असतील. त्यात इस्तीफा शब्द आहे, त्याखाली दोन रेघा मारल्यात.
त्याच्यावर सही केलीय. साहेबांच्या कागदावर नाही.
आत्ता, इथे बसून, मी ठाम आहे. दहा वाजता साहेब पुन्हा त्या गोड आवाजात "वैशाली, बस" म्हणतील, चहा मागवतील. तेव्हा पर्समधून कुठला कागद बाहेर येईल, हे मी या वहीला शपथेवर सांगू शकत नाही, आणि याचीच सगळ्यात जास्त चीड येतेय.