बाबाच्या गोळ्यांची पूड

प्रिय चिंगे,

पणजी होणार म्हणे मी! तुझा फोन आला आणि गॅसवरचं दूध विसरले, ते उतू जाऊन शेगडीभर झालं, तरी हसत हसत पुसलं. जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटले. खालची मास्तरीण म्हणते, आजी, तुम्हालाच दिवस गेल्यासारखं चालताय की. म्हटलं, जळू नकोस. दोन टोपडी विणून झाली. तिसरं तुझ्याच डोक्याला बसेल एवढं झालंय. माझे टाके आणि माझं अक्षर, दोन्ही एकाच मापाची, सांभाळून घे.

आता तुझ्या बाबाचं. तू आली होतीस तेव्हा बघितलंसच ना, गिऱ्हाइकाचं माप घेता घेता टेप त्याच्या गळ्यात सोडून हा बाथरूमकडे पळायचा. तो बिचारा हात पसरून तसाच उभा. आणि हा आत गेला की लवकर बाहेर येईना. विचारलं तर चहा जास्त झाला म्हणे. मला वाटलं, याला काही वाईटसाईट झालंय आणि आपल्यापासून लपवतोय. जेवताना त्याची कॉलर सैल झाली का तेवढंच बघत बसायचे.

शेवटी परवा पिशवी धरायला म्हणून त्याच्या मागोमाग औषधाच्या दुकानात गेले. तो पायरीवरच घुटमळला, तशी मी पुढे होऊन पिशवीतली त्याच्या गोळ्यांची दोन रिकामी पाकिटं ठेवली आणि विचारलं, माझा मुलगा वाचेल ना? औषधवाला हसला. म्हणाला, आजी, याने मरत नाहीत. वय वाढलं की पुरुषांची लघवीच्या पिशवीखालची गाठ वाढते, प्रोस्टेट म्हणतात, घरोघरी आहे. एक गोळी वाट सैल करते, ती घेऊन झटकन उठलं तर चक्कर येते. दुसरी गाठ लहान करते, पण तिला महिने लागतात. हुश्श झालं मला. एवढ्यासाठी लाजत होता गधडा! गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत भरून ठेवल्या होत्या, आपल्याला कळू नये म्हणून. आणि लाजेपायी डॉक्टरांनाही धड काही विचारलेलं नाही.

त्या आनंदात माझं तोंड सुटलं. म्हटलं, याला लहानपणापासून गोळी गिळवत नाही, आमची चिंगी आली की दोन चमच्यांत चुरून मधात कालवून देते, आणि बोटाला उरलेलं चाटून टाकते. आणि आता तिला दिवस गेलेत बरं का! औषधवाल्याचं हसू गेलं. म्हणाला, ही दुसरी गोळी फोडायचीच नसते. पोटुशी बाईने तर तिच्या पुडीला हातही लावायचा नसतो. पोटात मुलगा असला तर त्याच्या अवयवांची घडण बिघडू शकते.

मी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. तू इथे चमच्यांत गोळ्या चुरत होतीस तेव्हा तुलाही ठाऊक नव्हतं, पण ते बाळ पोटात होतं गं.

तुझ्या बाबाने पायरीवरून सगळं ऐकलं. घरी येऊन मशीनवर बसला तो कापड संपलं तरी सुई चालतच राहिली. मी तुला दोनदा फोन लावला. तू बाळाचं नाक कुणावर जाईल ते सांगत होतीस, मी दूध पी म्हटलं आणि फोन ठेवला. एवढ्याने काही होईलच असं नाही, पण तिच्या डॉक्टरांना सांगायलाच हवं, असं औषधवाला म्हणाला होता. ते 'होईलच असं नाही' मी सारखं घोकतेय.

म्हणून हे पत्र पोस्टात टाकलं नाही. दुकान बंद करून तुझा बाबाच घेऊन आलाय, आणि तू वाचेपर्यंत दारात मान खाली घालून उभा असेल. त्याला आधी बाथरूम दाखव, मग दोघं तडक तुझ्या डॉक्टरीणबाईंकडे जा. गोळ्या त्याच्या खिशात आहेत, तू हात लावू नकोस, तोच दाखवील, तोच बोलेल. तिथेही व्हिटॅमिन म्हणाला तर माझी शपथ घाल. रागवायचं ते येताना रागव. आणि बाई जे म्हणतील ते तसंच्या तसं कळव, म्हातारीसाठी गोड करून नको.

तुझीच, फोनपाशी बसलेली,
आजी