मंतरलेल्या रानातली पोर

ती. वत्सलाअक्कास,

साखर कारखान्याच्या तळावरून धाकट्या शहादेवचा नमस्कार.

मी बरा हाय. ऊस तोडताना बोटाला कोयता लागलता, म्हणून अक्षर वाकडं आलंय. काळजी करू नको.

तू पिशवीत घातलेली जादूची कादंबरी वाचतोय. गावी मी तिला रटाळ म्हणायचो. पोर मंतरलेल्या रानात हरवती आणि पानंच्या पानं घरच आठवत बसती! मला राक्षसाच्या लढाया पाहिजे असायच्या. त्यावरून आपण किती भांडलो.

काल दुपारी भाकरी खाताना शेजारच्या पाचटाच्या कोपीत ऱ्हाणाऱ्या भिवराबाईला माझं लढायांचं पुस्तक वाचून दाखवलं, मग तुझं. मी परत लढाईकडं वळलो तशी ती म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. त्या पोरीच्या आईची चूल परत वाच."

तिला वाचून दाखवली, मग रातच्याला एकट्यानं तीच पानं परत वाचली. अक्का, पुस्तक तेच हाय. पण गावात होतो तवा मला घर कशाला आठवंल?

आडाला पाणी हाय का? आईचा खोकला थांबला का? खरं लिही.

शेवटची वीस पानं ऱ्हायलीत. ती पोर घरी पोचती ना? तेवढं आधी कळव, मग वाचीन.

तुझाच,
शहादेव